सांडव्याची वाट अडवू नका

सांगली जिल्ह्यातील कुंडल गावाचे नाव तुम्ही इतिहासात वाचले असेल. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारचे ते प्रमुख केंद्र होते. या गावाजवळ डोंगर आहेत. या भागात पाऊस कमी पडतो. पण कधी कधी तो तासाभरात धो धो कोसळतो. मग ओढ्याला पूर येतो आणि शेतातली माती वाहून जाते. अशा ओढ्यावर मातीचा लहान बांध घातला, तर पाणी थांबते, थोडे जमिनीत मुरते आणि उरलेले हळूहळू पुढे जाते.

मात्र कृष्णेचा महापूर असा बांध थोपवू शकत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कुंडलच्याच पलूस तालुक्यात, ब्रह्मनाळ येथे, पुरात बोट उलटून अनेक माणसे बुडाली. लहान बांधाचा उपयोग लहान ओढ्यापुरताच असतो.

बांधाच्या एका बाजूला सांडवा असतो. तलाव भरला, की जादा पाणी सांडव्यातून निघून जाते. सांडवा अडला, तर पाणी बांधाच्या माथ्यावरून वाहते, माती कापत जाते आणि बांध फुटतो.

काही ठिकाणी जास्त पाणी साठावे म्हणून लोक सांडव्यावर वाळूची पोती रचतात. उन्हाळ्यात विहिरी आटतात, म्हणून हा मोह होतो. शेतकऱ्याची अडचण खरी आहे. तरीही माझे मत असे आहे, की सांडव्यावर एकही पोते ठेवू नये. थोड्या पाण्यासाठी खालच्या वस्तीचा जीव धोक्यात घालणे योग्य नाही. जास्त पाणी हवे असेल, तर उन्हाळ्यात तलावातला गाळ काढावा.

२ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण फुटले. तेही मातीचेच होते. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. पण संकट टळले नाही. घरे आणि माणसे वाहून गेली. म्हणून एकदा सांगून गप्प बसू नये. बांधावर खेकड्यांची किंवा उंदरांची बिळे दिसली, झाडे वाढली, पायथ्याशी गढूळ पाणी झिरपू लागले, तर ग्रामपंचायतीला पुन्हा पुन्हा कळवावे. गढूळ पाणी म्हणजे बांधातली माती वाहून जात असल्याची खूण.

हे काम आपले नाही, असे म्हणू नका. याच सांगली जिल्ह्यात बलवडी आणि तांदूळवाडीच्या शेतकऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्वतः पुढाकार घेऊन येरळा नदीवर बळीराजा धरण बांधले. लोक एकत्र येऊन धरण बांधू शकतात, तर सांडवा साफ ठेवणे काय अवघड आहे? तुमच्या गावात तलाव असेल, तर पावसाळ्यापूर्वी मोठ्या माणसांना बरोबर घेऊन तिथे जा आणि सांडवा मोकळा आहे का, ते पाहा.