रब्बीच्या पेऱ्याआधी पाण्याचा ताळेबंद मांडा

परतीचा पाऊस येऊन गेला की जो तो आपल्या विहिरीत डोकावतो आणि कांदा करायचा की गहू, ते ठरवून मोकळा होतो. विहीर तुमची असेल, पण शेजाऱ्याची बोअर खालून तेच पाणी ओढते. म्हणून यंदा पेऱ्याआधी एक ग्रामसभा फक्त पाण्यासाठी घ्या.

पाण्याचा ताळेबंद मांडायला इंजिनिअर लागत नाही. शाळेत पर्जन्यमापक बसवा, नोंद सातवीच्या पोरांकडे द्या. टेपला दगड बांधून दर आठवड्याला पाच-सहा विहिरींची पातळी मोजा आणि आकडे चावडीच्या फळ्यावर लिहा. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. १,००० हेक्टरांच्या गावात ४०० मिलिमीटर पडला, तर ४०० कोटी लिटर. आकडा ऐकून हुरळून जाऊ नका. बरंचसं वाफ होऊन जातं, ओढ्यानं वाहून जातं. मुरलं-अडलं तेवढंच आपलं. १,५०० वस्तीला माणशी रोज ५५ लिटर धरले, तर वर्षाला ३ कोटी लिटर होतात. पाटानं भिजवलेला दीड हेक्टर ऊस साधारण तेवढंच पाणी पितो. हे सभेत मोठ्यानं वाचा. वाद होईल, होऊ द्या.

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं पोपटराव पवारांच्या पुढाकारानं असाच ताळेबंद मांडायची सवय लावून घेतली. आधी पिण्याचं, मग जनावरांचं, उरेल त्यात पिकं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. तिथले बंधारे पाहून येणारे पुष्कळ. ही बंदी समजून घेणारे थोडे. बंधाऱ्याला सरकारी निधी मिळतो, बंदी मात्र गावालाच घालावी आणि पाळावी लागते.

खरी अडचण वाटपाची. जमीन जास्त त्याला पाणी जास्त, हे ठरलं की अल्पभूधारक श्रमदानाला कशाला येईल? १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीनं हे ओळखलं. पाणी जमिनीच्या मापानं नव्हे, घरातल्या माणसांच्या मापानं: माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतकं. भूमिहीनालाही हक्क, उसाला मनाई. तुमच्या गावात हे जसंच्या तसं जमेलच असं नाही. निदान ज्याला विहीर नाही, त्याला सभेत पहिल्यांदा बोलू द्या.

सभेची वेळ दूध घालून झाल्यावरची ठेवा. आधी महिलांची सभा घ्यायचीच असते, ती कागदावर उरकू नका. हंडा कुठल्या महिन्यापासून लांबून आणावा लागतो, हे तिथेच कळतं. आणि गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेवर नजर ठेवा. तिला पुन्हा गणपूर्ती लागत नाही, चार डोकी ठराव करून जातात. वहीवर आधी सह्या आणि मागून मजकूर, हा प्रकारही चालतो. ठराव वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका.