दगड पडके, बोली धडधाकट

रेवदंड्याच्या किल्ल्यातील सातखणी मनोरा पाहून आलेले आपले सुशिक्षित बांधव ‘पोर्तुगीजांचे अवशेष’ एवढे म्हणून मोकळे होतात. आम्हांस हे मान्य नाही. 1740 साली पोर्तुगीजांनी रेवदंडा व कोर्लई सोडले; कोर्लईच्या ख्रिस्ती ग्रामस्थांनी मात्र आपले गाव सोडले नाही. किल्ल्याच्या पायथ्याशी, कार्मेल मातेच्या छायेत, त्यांनी श्रद्धा राखली आणि बोलीही राखली. तिला ते ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. तिचा पाया पोर्तुगीज असला तरी पिढ्यान्‌पिढ्या मराठीच्या शेजारात ती घडली आहे.

1996 साली क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. आणि आपल्यातील काहीजण तिला ‘मोडकी पोर्तुगीज’ म्हणून हिणवितात! पेंटेकॉस्टच्या दिवशी प्रत्येकाने सुवार्ता आपापल्या भाषेत ऐकली. शुद्ध व्याकरणाची अट पवित्र आत्म्याने घातली नव्हती. ती घालणारे आपण कोण?

रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंडा व कोर्लई यांच्यामधूनच सागरास मिळते. पेण-रोह्याच्या कुटुंबांनी जुन्या गोव्याची यात्रा अवश्य करावी; पण त्याआधी या खाडीकाठी यावे. मनोऱ्याची छायाचित्रे पुष्कळ निघाली. आता कोर्लईच्या वृद्ध मातांपाशी बसून त्यांच्या प्रार्थना व गाणी लिहून घ्यावीत. दगडांची काळजी वाहण्यास सरकारी खाते आहे. बोलीला मात्र घराखेरीज आसरा नाही. घरातील लेकरांनी ती टाकली, तर तिचे अवशेषही उरणार नाहीत.