घोषणेपलीकडची कविता

वर्णभेदाच्या काळातली दक्षिण आफ्रिकी कविता म्हणजे निव्वळ घोषणाबाजी, हा शेरा अर्धवट वाचनातून येतो. कवी डेनिस ब्रूटस यांच्यावर लेखन प्रसिद्ध करण्याची बंदी होती. म्हणून रॉबेन बेटावरच्या तुरुंगवासाच्या कविता त्यांनी भावजयीला लिहिलेल्या पत्रांच्या रूपात रचल्या. १९६८ साली आलेल्या त्या कवितांच्या संग्रहात आरोळी क्वचितच आहे. आहे ती कैद्यांची भीती, एकटेपण, वासनासुद्धा. अन्यायाच्या भडक देखाव्यात साधं जगणं हरवतं, असा आक्षेप लेखक न्जाबुलो न्देबेले यांनी १९८०च्या दशकात तिथल्याच साहित्यावर घेतला. तो रास्तच, पण सरसकट नव्हे. शिवाय ‘साधं’ आणि ‘राजकीय’ अशी वाटणी तिथे करणार कशी? कृष्णवर्णीय माणसाजवळ पासबुक, म्हणजे सक्तीचं ओळख-परवाना पुस्तक, नसेल, तर नुसतं रस्त्यावर दिसणंही अटकेला पुरेसं होतं.