फुकट नको, दिवसा द्या!

गेल्या मे महिन्यात मुलाकडे नागपूरला गेलो होतो. बाहेर पंचेचाळीस अंश तापमान. "बाबा, घरात बसून कंटाळाल, चला मॉलमध्ये," म्हणून तो आम्हा दोघांना घेऊन गेला. मॉलचं भलंमोठं दार सताड उघडं होतं. गार हवेचा झोत थेट रस्त्यावर येत होता. दाराशी उभा असलेला एक रिक्षावाला त्या झोतात घाम वाळवत होता. त्याचं मला बरं वाटलं, पण दाराचं नाही.

आत गेल्यावर पाच मिनिटांत सौ.ने पदर अंगभर लपेटून घेतला. किराणा विभागात दही, ताक, चीज, थंड पेयं यांची लांबच्या लांब कपाटं. एकालाही दार नाही! समोर उभं राहिलं की पोटऱ्या गारठतात. माझा नातू तिसरीत आहे. तो म्हणाला, "आजोबा, आपला फ्रीज उघडा राहिला की आई रागावते. यांना कोणीच रागवत नाही का?"

मी चाळीसच्या आसपास वर्षं मास्तरकी केली. इतका नेमका प्रश्न मला वर्गात फार थोड्या वेळा ऐकायला मिळाला.

त्याच रात्री पाऊण वाजता धाकट्या भावाचा गावाहून फोन आला. "दादा, लाईन आली. वावरात चाललो. सकाळी बोलतो." उन्हाळी भुईमुगाला ओलीत करायचं होतं. वय त्रेसष्ट, गुडघे दुखतात, हातात बॅटरी आणि काठी. शेतीच्या फीडरला एक आठवडा दिवसा आठ तास आणि एक आठवडा रात्री दहा तास, असं चक्र आमच्याकडे वर्षानुवर्षं चालू आहे. दहा तास ऐकायला बरे वाटतात. त्यात कितीदा फ्यूज जातो, कितीदा दाब कमी येतो आणि मोटर नुसती घरघर करते, ते कागदावर येत नाही. डीपी जळली तर आठवडा गेलाच म्हणून समजा.

रात्रीचं ओलीत म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. गुडघाभर पिकातून, चिखलातून अनवाणी चालत दांड फोडायचे आणि पाणी वळवायचं. पायाखाली साप आहे की वेल, ते पाय पडल्यावर कळतं. रानडुकरं तर रोजचीच. राळेगाव, पांढरकवडा भागातल्या लोकांनी २०१६ ते २०१८ या काळात टी-१ वाघिणीची दहशत अनुभवली. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घालण्यात आली. तिला मारणं बरोबर की चूक, यावर देशभर चर्चा झाली. व्हायलाच हवी होती. पण त्या भागातल्या माणसाला रात्री शेतात जायला लावणारं वीजेचं वेळापत्रक बरोबर की चूक, यावर किती जण बोलले?

आता थोडं गणित मांडतो, मास्तर आहे म्हणून. पाच अश्वशक्तीची मोटर म्हणजे पावणेचार किलोवॅट. शंभर टनांच्या एसी यंत्रणेला ढोबळमानाने शंभर किलोवॅट वीज लागते. म्हणजे तेवढ्या विजेवर सव्वीस-सत्तावीस शेतकऱ्यांच्या मोटरी चालतील. मॉल बंद करा, असं मी म्हणत नाही. तिथे गरिबांची पोरं नोकरी करतात. पण दार लावायला काय हरकत आहे? कपाटाला काच बसवायला काय हरकत आहे? गिऱ्हाइकाला दार उघडावं लागलं तर विक्री कमी होईल, ही म्हणे भीती. म्हणजे विक्री घटू नये म्हणून गारवा रस्त्यावर सांडायचा, आणि माझ्या भावाने मात्र रात्री एक वाजता उठायचं!

कुणी म्हणेल, "मास्तर, मॉलवाला महागडा दर भरतो. तुमच्या शेतीची वीज त्याच्याच पैशातून स्वस्त होते." खरं आहे, व्यापारी ग्राहकांकडून जास्त दर घेऊन शेतीचा भार काही अंशी उचलला जातो. ते मी नाकारत नाही. पण दाम मोजला म्हणून नासाडीचा हक्क मिळतो का? गावच्या विहिरीतून कुणी पैसे देऊन पाणी उपसून गटारात सोडलं, तर आपण "त्याचे पैसे, त्याची मर्जी" म्हणू का? वीज कोळशावर होते. तो कोळसा आमच्या वणी तालुक्यातल्या उकणी, घोन्सा, राजूरच्या जमिनीखालून निघतो. धूळ आमच्या कापसावर बसते. शेजारच्या चंद्रपूरला २,९२० मेगावॅटचं केंद्र आहे, त्याची राख तिथल्या लोकांच्या छातीत जाते. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षं आठवा. गावांत बारा-बारा तास अंधार आणि मुंबई शहराला सूट! कोळसा आमचा, राख आमची, अंधारही आमचाच.

शेतकरीही काही धुतल्या तांदळासारखा नाही. मोटरीला ऑटो स्विच लावून झोपी जाणारे, कपॅसिटर न बसवणारे, आकडा टाकणारे आमच्यातही आहेत. त्यांनाही मी सांगतो आणि शिव्या खातो. पण रात्री-अपरात्री कधीही येणारी वीज असली की माणूस ऑटो स्विच लावणारच. वेळ ठरलेली, दिवसाची आणि भरवशाची असेल, तर तो स्विच आपोआप निघेल.

आता सरकार. इथे पक्ष कोणताही घ्या. २००४ साली निवडणुकीच्या तोंडावर शेतीची वीज मोफत झाली. निवडणूक जिंकली आणि २००५ मध्ये ती सवलत गुंडाळली गेली. २०२४ च्या जुलैमध्ये, पुन्हा निवडणुकीच्या तोंडावर, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत विजेची योजना आली, मार्च २०२९ पर्यंत. बिल शून्य झालं, पण आमच्या फीडरवर रात्रीची पाळी मात्र तशीच राहिली. दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ साली आली आणि २०२३ साली तिचीच २.० आवृत्ती. योजना चांगली आहे, हे मी मनापासून म्हणतो. सूर्य दिवसाच उगवतो, म्हणजे वीजही दिवसाच येणार. काही गावांना ती मिळालीही. पण आमच्या गावाला कधी? तारीख सांगायला कुणीच तयार नाही. पारावर आमचा एक जुना विद्यार्थी म्हणाला तेच खरं: "गुरुजी, आमाले फुकटची नोको. पैसे घ्या, पन दिवसा द्या."

शिवाय बहुतेक पंपांना चालू मीटरच नाही. अश्वशक्तीवर अंदाजाने वापर ठरतो. वीज अभ्यासक प्रताप होगाडे वर्षानुवर्षं सांगत आले आहेत, की शेतीच्या नावावर दाखवलेल्या विजेत बरीचशी गळती आणि चोरी लपलेली असते. म्हणजे वीज खातो दुसराच आणि बदनाम होतो शेतकरी.

बाहेरच्या जगात काय चालतं बघा. २०२२ साली ऊर्जेची टंचाई आली तेव्हा स्पेनने दुकानांतला एसी २७ अंशांच्या खाली न्यायला मनाई केली आणि रात्री दहानंतर दुकानांच्या काचांमागचे दिवे बंद करायला लावले. फ्रान्सने एसी चालू ठेवून दार उघडं टाकणाऱ्या दुकानांना दंड लावला. आपल्याकडे ऊर्जा संवर्धन कायदा २००१ पासून आहे. २०२० पासून खोलीचा नवा एसी मुळातच २४ अंशांवर लावून येतो. पण मॉलच्या उघड्या दारापाशी जाऊन "हे लावा" म्हणणारा माणूस मला तरी कधी दिसला नाही.

आमच्याच जिल्ह्यातलं चिलगव्हाण, तालुका महागाव. तिथले साहेबराव करपे. वीजबिल थकलं, वीज तोडली गेली, उभं पीक वाळलं, असं त्यांच्याबद्दल आजही सांगितलं जातं. १९ मार्च १९८६ रोजी वर्ध्याजवळ दत्तपूरला पत्नी आणि चार लेकरांसह ते कुटुंब संपलं. दरवर्षी त्या दिवशी बरेच लोक त्यांच्या आठवणीत अन्नत्याग करतात. मीही करतो. मग २००६ साली पंतप्रधान आले, पॅकेज आलं. २०१४ साली दाभडीला चहावर चर्चा झाली. लाईन अजून रात्रीच येते.

मागणी साधी आहे. प्रत्येक फीडरला दिवसाची वीज कोणत्या तारखेपासून, ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. प्रत्येक डीपीला मीटर लावा, म्हणजे खरा वापर कळेल. आणि मोठ्या दुकानांना दारं लावायला, कपाटांना काचा बसवायला सांगा, नाही ऐकलं तर दंड करा. यातल्या एकाही गोष्टीला शास्त्रज्ञ लागत नाही.

नातवाच्या प्रश्नाला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आता देतो. बाळा, त्यांना रागवायला हवं होतं ते आपणच, आणि आपण गार हवा खात उभे राहिलो.

असो. भावाचा दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. दोन दांड भिजले, तिसऱ्याला लाईन गेली.