पायली, हिसका आणि एन्ट्रॉपी

मराठी समीक्षेत ‘एन्ट्रॉपी’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. कादंबरी विस्कळीत वाटली की तिच्यात एन्ट्रॉपी वाढली, असे म्हणून आपण मोकळे होतो. वर्गातही ‘एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था’ एवढेच लिहून दिले जाते.

वास्तविक आर्वीसारख्या गावातल्या विद्यार्थ्याला याहून नेमके काही ठाऊक असते. धान्य आज वजनावर विकले जात असले, तरी पायली अजून घरांत आहे. तिच्यात ज्वारी ओतून दोन हिसके दिले की दाणे खाली बसतात आणि आणखी मूठभर मावतात. माप तेच, धान्य निराळे.

भौतिकीला या हिसक्याचे मोल उशिरा कळले. वायूचे रेणू उष्णतेने सतत हलतात. ज्वारीचा दाणा हलत नाही. त्याला स्वतःच्या उंचीइतके उचलण्यास लागणारी ऊर्जा रेणूच्या औष्णिक ऊर्जेच्या लाख कोटी पटींहून अधिक असते. म्हणून १९८९ साली सॅम एडवर्ड्स आणि ओकशॉट यांनी सांख्यिकीय भौतिकीत ऊर्जेच्या जागी आकारमान ठेवले. ठराविक आकारमानात दाणे किती प्रकारे स्थिरावू शकतात, याचे माप म्हणजे त्यांची एन्ट्रॉपी. पसारा नव्हे, शक्यतांची मोजणी.

पण मोजणीही पुरली नाही. शिकागोच्या संशोधकांनी १९९५ साली काचेच्या मण्यांच्या नळीला हजारो हिसके दिले. मणी दाटत गेले, पण उत्तरोत्तर अधिक संथपणे. २००० साली असेही दिसले, की सारख्याच घनतेचे मणी सारख्याच हिसक्याला निरनिराळा प्रतिसाद देतात. आधी ते कसे हलवले गेले, याची स्मृती रचनेत उरते.

याउलट मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दीपक धर यांनी १९९० साली वाळूच्या ढिगाची एक गणिती प्रतिकृती अभ्यासली. तिच्यात दाणे कोणत्याही क्रमाने टाका, अंतिम रचना तीच येते. २०२२ साली त्यांना बोल्ट्झमन पदक मिळाले.

समीक्षकाने विचारायचा प्रश्न येथे आहे: प्रसंगांचा क्रम बदलल्यावर ही कृती तीच राहते काय? माझ्या मते चांगली कादंबरी पायलीसारखी असते. तिला बसलेला प्रत्येक हिसका ती लक्षात ठेवते. विज्ञानाची उपमा घ्यायची तर तिच्यातील यंत्रणेसह घ्यावी. आणि ‘अव्यवस्था’ पाठ करून घेण्याआधी विद्यार्थ्याला घरची पायली आठवू द्यावी.