यात्रेच्या वाटेवर पळस कोणी दाखवायचा?

वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवी या बंजारा तीर्थक्षेत्री आलेला माणूस संत सेवालाल महाराजांच्या, म्हणजे सेवाभायांच्या समाधीपुढे आणि जगदंबेच्या पायाशी डोके टेकतो, मग नंगाऱ्याच्या आकाराचे वारसा संग्रहालय बघायला जातो. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते खुल्या झालेल्या या चार मजली इमारतीत बंजारा समाजाचा इतिहास तेरा दालनांत मांडला आहे. तो बघून लोक बाहेर येतात, गाडीत बसतात आणि दिग्रस किंवा मानोऱ्याच्या रस्त्याला लागतात. हा इतिहास ज्या रानात घडला त्याच जातीचे रान रस्त्याच्या दोन्ही अंगांना असते: साग, पळस, मोह, धावडा, टेंभुर्णी. त्याच्याकडे बोट दाखवणारे कोणी नसते. ते दाखवावे का, कोणी आणि कधी, हे आत्ताच ठरवायला हवे. तीर्थक्षेत्राचा विकास जोरात आहे, आणि एकदा फरसबंदी झाली की असे प्रश्न विचारायचे राहून जातात.

दाखवावे असे मला मनापासून वाटते. माघ-फाल्गुनात या भागातला पळस फुलतो आणि पळसमैनांचे थवे त्यावर उतरतात. विदर्भातला शेतकरी त्यांना भोरड्या म्हणून ओळखतो. ज्वारीच्या कणसांवर पडणारा हा पक्षी त्याच्या रागाचाही विषय आहे. अंग फिकट गुलाबी, डोके आणि पंख काळे. चोच फुलात खुपसून रस प्यायला की कपाळाला पिवळे पराग चिकटतात आणि ते घेऊनच पक्षी पुढच्या फुलावर जातो. पळसाचे बी धरते ते अशा पाहुण्यांच्या जोरावर. हे पक्षी मध्य आशियात आणि युरोपच्या पूर्व भागात घरटी करतात, तिथे टोळांवर जगतात आणि हिवाळा आपल्याकडे काढतात. हजारो किलोमीटर उडून आलेला हा तांडा दोनशे मैलांवरून आलेल्या यात्रेकरूच्या डोक्यावर कलकलाट करत असतो, आणि यात्रेकरूची मान वर होत नाही. यात त्याचा दोष नाही. त्याला कोणी सांगितलेलेच नाही.

पण याविरुद्ध जे म्हणता येते ते हलके नाही. पहिली गोष्ट, लोक इथे श्रद्धेने येतात. रामनवमीच्या उन्हात लेकरे कडेवर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईला निसर्गाचे धडे ऐकवणे हा अगोचरपणा ठरेल. दुसरी गोष्ट जास्त बोचरी आहे. वाशीम-यवतमाळच्या बंजारा तांड्यांमधली कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात आणि चैत्रापर्यंत फडावर राहतात. ज्यांच्या घराला निम्मे वर्ष कुलूप असते, त्यांना झाडाकडे कौतुकाने बघा असे शहरातल्या माणसाने येऊन सांगावे, हे मलाही रुचत नाही. शिवाय रान त्यांना नवे नाही. मोह वेचायला पहाटे रानात जाणाऱ्या बाईला जे ठाऊक असते ते छापील पुस्तकात सहसा सापडत नाही.

बंजारा समाजाला रानाची ओळख करून देण्याची गरज कधीच नव्हती, ती ओळख त्याच्याकडून काढून घेतली गेली. मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून देशभर फिरणाऱ्या तांड्यांना पाणवठे, कुरणे आणि घाटवाटा तोंडपाठ असाव्याच लागत. रेल्वे आली, मिठावर इंग्रजांचा ताबा आला आणि तो व्यापार संपला. १८७१ च्या कायद्याने भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारायला सुरुवात झाली. तो कायदा जायला १९५२ साल उजाडले, आणि महाराष्ट्रात बंजारा समाज आजही विमुक्त जातींच्या यादीत आहे. वनकायद्याने सरपणाची मोळीही अपराधात जमा केली. ज्या पिढीने हे सोसले तिच्या मनात जंगल म्हटले की आधी गार्डाचा धाक येतो. निसर्गप्रेमाचा कोणताही कार्यक्रम हे विसरून आखला तर तो उपरा ठरेल.

म्हणून ‘कोणी दाखवायचे’ हा प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो. मराठी वाचकाला रान दाखवणाऱ्यांत मारुती चितमपल्लींचे नाव अग्रभागी. ते वनखात्यातले अधिकारी होते, पण त्यांचे खरे शिक्षण झाले ते नवेगावच्या माधवराव पाटलांसारख्या जाणत्या माणसांकडे आणि जंगलात राहणाऱ्या आदिवासींकडे. ते त्यांनी लपवले नाही, पुस्तकांतून ठायीठायी सांगितले. वाशीम-अकोल्यातच ‘संवेदना’ ही संस्था फासेपारधी समाजाला सोबत घेऊन गवताळ माळ आणि तणमोर वाचवण्याचे काम करते. ज्यांच्या वाडवडिलांना पाखराचा माग काढता येत होता, तेच आता त्याची राखण करतात. शेजारच्या कारंजा तालुक्यात काळविटांसाठी राखलेले कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे, जेमतेम १८ चौरस किलोमीटरचे. एवढ्याशा जागेत यात्रेची गर्दी वळवली तर काळविटांचेच हाल होतील. तेव्हा पाहायला लावणे म्हणजे जास्त लोकांना जास्त ठिकाणी नेणे, हा अर्थ इथे सोडून द्यावा.

फलक लावावेत का? थोडे लावावेत, मराठीत आणि गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत. फलकावर नाव वाचून माणूस पुढे जातो, ही त्याची मर्यादा आहे. वृक्षारोपणाचा अनुभवही तपासून पाहावा. २०१९ च्या पावसाळ्यात राज्याने ३३ कोटी झाडांचे उद्दिष्ट ठेवले होते. झाडे लावावीत याबद्दल वाद नाही, पण खड्डे आणि रोपे मोजण्याच्या धांदलीत त्या रोपाला पान कधी फुटते हे बघायला शिकवणे राहिले. पोहरादेवीत शोभेची परदेशी झाडे आणि हिरवळ करण्यापेक्षा असलेला एखादा जुना मोह राखावा आणि त्याखाली बसायला पार बांधावा, हे माझे मत आहे.

आणि कधी? पहिला विचार १५ फेब्रुवारीचा येतो, सेवालाल जयंतीचा. ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही जगभरची पक्षीगणनाही फेब्रुवारीच्या मध्याला असते. २०२५ आणि २०२६ मध्ये तर ही तारीख त्या चार दिवसांतच आली. पंधरा मिनिटे एका जागी उभे राहून दिसतील ते पक्षी नोंदवायचे, एवढेच काम. शाळांसाठी हे चांगलेच आहे, करावे. पण तेव्हा ऊसतोड्यांची मुले फडावर असतात. ज्यांच्यासाठी हे सारे करायचे तीच गैरहजर. रामनवमीला बरीच कुटुंबे परतलेली असतात, पण ऊन आणि गर्दी असते.

उरतो श्रावण. तेव्हा तांडा घरी असतो आणि तीज असते. कुमारिका टोपल्यांत गहू पेरतात, नऊ दिवस पाणी घालतात, गाणी म्हणतात. बी कधी तडकले, कोंब पिवळा का हिरवा, कोणाच्या टोपलीत तरारून आले, यावर सगळ्या तांड्याची नजर असते. रोज एकाच गोष्टीकडे बघत राहण्याची इतकी चांगली शाळा मला दुसरी माहीत नाही. त्याच दिवसांत विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे टांगलेले असतात. नर गवताच्या चिरोट्या आणून अर्धा खोपा विणतो, मादी येऊन तो पारखते, पसंत पडला तरच पुढची नळी पुरी होते. टोपलीतल्या गव्हावरून त्या बाभळीकडे नजर वळवायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही, तांड्यातली एखादी म्हातारी याडी, म्हणजे आई, पुरेशी आहे.

तिच्या वेळेचे मोल मात्र द्यावे लागेल. संग्रहालयात माहिती सांगणाऱ्याला पगार आणि रान सांगणारीला नारळ-शाल, असे होऊ नये. संग्रहालय, ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेची शाळा यांनी मिळून दोन-तीन तांड्यांतल्या जाणत्या बायाबाप्यांना हंगामभर मानधन द्यावे, तांड्याच्या नायक-कारभाऱ्यांना विचारून माणसे निवडावीत, आणि एका वेळी दहा-बारा मुलांपेक्षा जास्त मुले सोबत देऊ नयेत. पहिल्या वर्षी यात्रेकरूंना यात आणूच नये. मुलांना जमू लागले की पुढच्या जयंतीला त्यांतली जी घरी असतील तीच आलेल्या पाहुण्यांना पळस दाखवतील. खोपे कुठे आहेत हे मात्र, पिल्ले उडेपर्यंत, पाहुण्यांना सांगू नये.