हौद धुण्याचा दिवस

आमच्या छत्रपती संभाजीनगरांत गेलीं कित्येक वर्षें नळाचें पाणी कांहीं दिवसांच्या अंतरानें येत आलें. म्हणून घरोघर जमिनींत हौद, आणि हौद म्हटला कीं तळाशीं गाळ. आमच्या घरचा गाळ तीस वर्षें सौभाग्यवतींनीं उपसला. त्या दिवशीं आम्हांस नेमकें बाहेर काम निघत असे, हें आतां कबूल करावयास हरकत नाहीं. यंदा त्यांच्या गुडघ्यांनीं असहकार पुकारला, तेव्हां धोतराचा काचा मारून आम्ही उतरलों.

दहा बादल्यांतच उत्साह सरला. वरून नातवानें फर्माविलें, "आजोबा, अमरकोश म्हणा, मी बादल्या मोजतों." चतुर मुलगा! प्रथमकांडापासून आरंभ केला. पोटऱ्या गाळांत बुडालेल्या असतां नरकवर्ग आला आणि काठावरची मंडळी खो खो हंसूं लागली. त्याच्या मागोमाग वारिवर्ग येतो, हा अमरसिंहाचा क्रम आम्हीं मुलांकडून वर्षानुवर्षें घोकून घेतला. त्याचें सुख त्या दिवशीं कळलें.

१६१० सालीं खडकी नांवानें हें शहर वसविणाऱ्या मलिक अंबरानें येथें जमिनीखालून नहर आणिली. ती शतकानुशतकें वाहती राहिली, म्हणजे गाळ काढणारेहि पिढ्यानपिढ्या असलेच पाहिजेत. त्यांचीं नांवें आम्हीं कोठें वाचलीं नाहींत.

बत्तिसावी बादली वर गेली तेव्हां सौभाग्यवतींनीं वांकून कोपरा दाखविला, "तेथें राहिलें बरें का!" त्यांच्याशीं तीस वर्षें असें वरून बोलावयास कोणी बसलें नव्हतें. पुढच्या खेपेचा दिवस आम्हीं पंचांगावर खूण करून ठेविला आहे.